सोसायटीच्या ग्रुपवर: केबिनचा हीटर आणि रात्री पडणारा एमसीबी

ए-१०२: काल परत गेटचे लाइट, कॅमेरे सगळं बंद. वॉचमन केबिनमध्ये कॉमन मीटरवर हीटर कोणाच्या परवानगीने लागलाय?

सी-५०१: निफाडला दव गोठतंय काका. वॉचमन मामांनी कुडकुडत बसायचं का?

ए-१०२: तसं म्हटलेलं नाही. कॉमन मीटरवर हीटर का, एवढंच विचारतोय.

बी-३०४: आधी सांगा, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडतो कधी? स्विच टाकताक्षणी पडला तर शॉर्ट. थोड्या वेळाने पडला तर ओव्हरलोड. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, पडत असेल तर गळती, तो वेगळा विषय.

सेक्रेटरी: मामा म्हणतात, हीटर चालू असताना चहाला किटली लावली की पाच-दहा मिनिटांत जातो.

बी-३०४: मग झालं. हीटर २००० वॉट, म्हणजे ८.७ अँपिअर. किटली १५०० ची, ६.५. दोन्ही मिळून १५ च्या वर आणि केबिनचा एमसीबी १० चा. वर गेटचे लाइट त्याच लाइनवर. एमसीबी खराब नाही, त्याचं काम करतोय.

बी-२०१: २० चा टाका ना, विषय संपला 😄

बी-३०४: दादा, भिंतीत वायर १.५ स्क्वेअर एमएमची, म्हणजे बारीक आहे. एमसीबी वायर वाचवायला असतो. २० चा टाकलात तर तो पडणार नाही, वायर जळेल.

डी-४०३: 🌹 शुभ प्रभात 🌹

सी-५०१: वहिनी, रात्रीचे साडेनऊ वाजलेत.

ए-१०२: कॉमन मीटरवर हीटर का?

डी-१०१: प्लग बघितला का कोणी? एक्स्टेन्शन बोर्डाचं सॉकेट एका बाजूने पिवळं पडून फुगलंय. ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून १६ ची जाड पिन घातलीय. पकड ढिली झाली की तिथेच तापतं. करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला पत्ताही लागत नाही. आग लागली तर इथूनच लागेल. बोर्ड आज रात्रीच काढा.

सेक्रेटरी: काढायला सांगितलं ताई. मामा असंही म्हणतात की पंखा फिरतो पण मधेच गार हवा येते.

डी-१०१: मागची जाळी धुळीने बुजली असेल. हवा अडली की थर्मल कटआउट कॉइल बंद करतो, गार झाल्यावर परत चालू. प्लग काढून अर्धा तास गार होऊ द्या, मग कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. ओला फडका नको. तरी कायमच गार हवा आली तर मल्टीमीटर लावा, अर्थात प्लग काढूनच. १००० वॉटच्या एका कॉइलला सुमारे ५३ ओहम यायला हवेत. कॉइल ठीक आणि थर्मल फ्यूजवर बीप नाही, तर फ्यूज गेला. त्याच तापमानाचा नवा घाला. रिपेअरवाला "फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो" म्हणेल, अजिबात ऐकू नका.

सी-५०१: आणि काकांच्या गॅरेजमध्ये पॉलिशच्या डब्यांशेजारी हीटर चालतो, तो चालतो वाटतं?

ए-१०२: तो माझ्या मीटरवर आहे.

डी-१०१: काका, मीटर कोणाचंही असो. थिनरची वाफ खालीच साचते आणि कॉइल लाल असते. पॉलिश चालू असताना हीटर बंद, शटर उघडं. वास पूर्ण गेल्यावरच परत लावा. रंध्याचा भुसाही जाळीत जातो.

ए-१०२: बरं. पण कॉमन मीटरवर हीटर का, याचं उत्तर आलं नाही.

बी-३०४: हिशोबच घ्या. २००० वर आठ तास म्हणजे १६ युनिट, १००० वर ८. एवढ्याशा केबिनला १००० पुरतं. नॉब एकवर ठेवा, किटलीच्या वेळी हीटर बंद. कायमचं करायचं तर मेन डिस्ट्रिब्युशन बोर्डातून वेगळी २.५ स्क्वेअरची लाइन, १६ चा एमसीबी, १६ चं सॉकेट, अर्थिंग तपासून.

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावतो. खर्च मेंटेनन्समधून, हरकत असेल तर आजच सांगा.

बी-२०१: हरकत नाही. १६ चं सॉकेट होतंच आहे तर माझी स्कूटर चार्जिंगला लावता येईल?

ए-१०२: कॉमन मीटरवर???

बी-३०४: हीटरच्या लाइनवर नाही. स्कूटरला वेगळी लाइन आणि सब-मीटर, अर्ज द्या.