एव्होराजवळ शेतातलं हॉटेल घ्यावं की गावातच राहावं? आईबाबा सोबत आहेत

गंगापूर_रोड

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन पोर्तुगालला जातेय. लिस्बनच्या चार रात्री ठरल्यात, पुढच्या तीन रात्री एव्होरा, आणि तिथेच घोडं अडलंय. बाबा ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला मस्त चालतात पण चढ आला की तोंड वाकडं. आई ६६, शाकाहारी, अंडं चालतं पण "अंडं म्हणून दिसायला नको" या अटीवर. गाडी मी चालवते पण नाशकात, म्हणजे डावीकडून, म्हणजे निदान कागदोपत्री डावीकडून.

दोन जागा काढून ठेवल्यात. एक गावाबाहेर ९ किमीवर, ऑलिव्हच्या बागेत पांढरंशुभ्र बैठं घर, पोहायचा तलाव, नाश्ता धरून भाडं. फोटो बघून बाबा म्हणाले "आपला मळा विकला नसता तर असंच बांधलं असतं", आता यावर काय बोलणार. दुसरी अगदी तटबंदीच्या आत, मुख्य चौकापासून पाच मिनिटं, जुन्या वाड्यातल्या खोल्या, पण खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. भाड्यात उन्नीस-बीस. व्हिसासाठी दोन्ही फुकट कॅन्सल होणारी बुकिंग करून ठेवलीयेत, त्यामुळे अजून वेळ आहे. कुणी राहून आलंय का? फोटो सगळ्यांचेच छान असतात, त्यापलीकडचं सांगा.

विंचवाचं_बिऱ्हाड

डोळे झाकून गावात राहा. तीन रात्रींसाठी एव्होराला जायचं आणि ९ किमी लांब झोपायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन मुक्काम सांगोल्याला. अख्खं जुनं गाव तटाच्या आत आहे, १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि खरी मजा सकाळी आठच्या आधी नाहीतर संध्याकाळी लिस्बनहून एका दिवसासाठी आलेल्या बसेस परत गेल्यावर. रोमन देवळाचे खांब आहेत ना (सगळे डायनाचं देऊळ म्हणतात, डायनाचा काही संबंध नाही, सम्राटाच्या पूजेसाठी होतं म्हणे), ते रात्री दिव्यात बघायचे, समोर बाक आहेत, बाबांना बसवा तिथे. शिवाय आक्वेडक्ट, म्हणजे सोळाव्या शतकातली पाणी आणायची कमानींची भिंत, ती गावात शिरते तिथे कमानींच्या पोटात लोकांनी घरं बांधलीत, दारं, खिडक्या, कुंड्या, सगळं. त्या गल्लीत मी तासभर नुसता हिंडलो.

गाडीचीही गरज नाही. लिस्बनहून ट्रेन दीड तासात, पण दिवसाला मोजक्याच आहेत, वेळा बघून ठेवा. बस भरपूर, सेते रियोसच्या स्टँडवरून. ट्रेनला ६५ च्या वरच्यांना निम्मं तिकीट, पासपोर्ट जवळ ठेवा.

म्हापसेकार

विंचूराव, तुम्ही एकटे फिरणारे, तुमचं बरोबर. पण गुडघेवाल्या माणसाला एव्होराच्या आत दोन मजले रोज चारदा चढवणार? गाव टेकडीवर आहे, रस्ते सगळे दगडगोट्यांचे, गुळगुळीत झालेले, पाऊस पडला तर बघायलाच नको.

मी लिस्बनला सहा वर्षं होतो, अलेंतेजूत (एव्होरा ज्यात येतं तो प्रांत) बऱ्याच चकरा झाल्या. आम्हा गोयंकारांना वाटतं पोर्तुगीज घर म्हणजे आपल्यासारखंच, पुढे बाल्कांव, मोठ्या खिडक्या, रंगीबेरंगी. तिकडचं शेतघर बघून मी चाटच पडलो. बुटकं, एकमजली, चुन्याचं पांढरं, जमिनीलगत निळा किंवा पिवळा पट्टा, खिडक्या एवढ्याशा, धुरांडं मात्र घराएवढं. जुलै-ऑगस्टात चाळिशी गाठतं तिकडे, म्हणून जाड भिंती आणि बारक्या खिडक्या. त्याला मोंत (म्हणजे टेकडी) म्हणतात, कारण शेताच्या मधल्या उंचवट्यावर बांधलेलं असतं. तर आत दुपारी गारवा असतो, बाबा आडवे होतील निवांत. फक्त त्याच भिंतींमुळे खोलीत फोनला रेंज नसते, वायफाय असलं तर ओसरीत.

बुकिंग करताना आणखी एक बघा, ग्रामीण म्हटलं की सगळं एकच नसतं. तिकडच्या कायद्यात वेगवेगळे प्रकार आहेत. "काझा द कांपु" म्हणजे गावाकडचं घर, मालकच सगळं बघतो, संध्याकाळी तो त्याच्या घरी गेला की तुम्ही आणि रातकिडे. "आग्रोतुरिज्मु" म्हणजे चालू शेती हवी. "होटेल रुराल" असेल तर ते रीतसर हॉटेल, तारे-बिरे असतात, रिसेप्शनला माणूस असतो. वेबसाईटवर फोटो तिन्हीचे सारखेच दिसतात, पाटीवर काय लिहिलंय ते वाचा. आईबाबा सोबत असतील तर मी तिसराच प्रकार घेईन.

खडीसाखर

म्हापसेकारांना अनुमोदन, आणि आमची कथा ऐका म्हणजे पटेल. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं अशाच एका शेतातल्या जागी गेलो, नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. रविवार होता. लिस्बनहून निघायला उशीर झाला, तिथे पोचेपर्यंत अंधार, नकाशाने आम्हाला मागच्या बाजूच्या एका फाटकाशी नेऊन सोडलं, त्याला कुलूप, आत दोन कुत्री, आणि मालकाचा फोन लागेना. खरं फाटक दुसऱ्या अंगाने होतं, दीड किलोमीटर कच्च्या रस्त्याने वळसा, हे त्यांनी मेलमध्ये लिहिलेलं होतं आणि आमच्या ह्यांनी मेल वाचला नव्हता (वाचला म्हणतात अजून). बरं शिरलो एकदाचं, तर जेवण नाही. बुकिंगवर "रेस्टॉरंट" लिहिलेलं, ते बुधवार ते शनिवारच. जवळच्या खेड्यातलं एकमेव हॉटेल रविवारी रात्री बंद. रात्री दहाला आम्ही खाटेवर बसून भाकरवडी आणि लिस्बनला घेतलेली दोन केळी खाल्ली. सकाळचा नाश्ता मात्र असा होता की सगळं विसरलो, घरचा पाव, मेंढीच्या दुधाचं चीज, अंजिरं, पण तुम्हाला आईवडलांना भाकरवडीवर झोपवायचं नाहीये ना.

म्हणून माझं म्हणणं, अंतर ९ आहे की ३ ते नंतर बघा, आधी रात्रीचं जेवण कुठे होणार ते ठरवा. कारण दिवसा कुठूनही कुठेही जाता येतं, अडतं ते रात्री आठनंतरच. वाईन प्यायची असेल तर गाडी चालवता येणार नाही, टॅक्सी शेतापर्यंत यायला कुरकुर करते.

गंगापूर_रोड

बापरे खडीसाखर, भाकरवडी किलोभर घेतेच आता. बाबांना वाचून दाखवलं, त्यांचं लक्ष फक्त अंजिरांकडे. म्हणजे गाडी घ्यावीच लागणार असं दिसतंय. उजवीकडून चालवणं किती अवघड आहे खरंच? आणि आईच्या जेवणाचं कुणीच बोललं नाही.

क्लच_प्लेट

गाडीचं मी सांगतो. लिस्बन शहरात गाडी घेऊच नका, चढउतार, ट्राम, एकेरी रस्ते, डोक्याला ताप. चार दिवस झाले की निघायच्या सकाळी विमानतळावरून उचला, तिथून वास्को द गामा पूल ओलांडला की सरळ हायवे, एव्होरापर्यंत सव्वाशे-दीडशे किमी, रस्ता सपाट आणि रिकामा, उजवीकडची सवय करायला यापेक्षा बरी जागा नाही. पुलाचा टोल लिस्बनकडे येताना लागतो, जाताना नाही. गाडीत टोलची डबी बसवून मागा म्हणजे हिरव्या लेनने सुसाट, नाहीतर खिडकी तुमच्या डावीकडे येते आणि तुम्ही सवयीने उजवीकडे हात काढून बसता, माझं झालंय. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, तिकडे गियरच्याच जास्त, आणि डाव्या हाताच्या सवयीने उजव्या हाताने गियर टाकायला जाल तर पहिला दिवस दाराचं हँडलच ओढाल... उलटं लिहिलं का? आपल्याकडे गियर डाव्या हाताने, तिकडे उजव्या. म्हणजे डावा हात दारावर आपटतो. तेच ते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा, क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं हवं, डिपॉझिट अडकवतात.

गोल चौकात आतल्याला आधी जाऊ द्यायचं आणि घड्याळाच्या उलट फिरायचं, बास. खेड्यातल्या गल्ल्यांत मात्र शिरू नका, आरसे मिटून जावं लागतं.

म्हापसेकार

आईंच्या जेवणाचं बघू. अलेंतेजू हा पाव, ऑलिव्ह तेल आणि डुकराचा मुलूख, पण गरिबीचं जेवण असल्याने आयतं शाकाहारीही निघतं. आसोर्दा मागवा. लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटतात, त्यावर तेल, वरून उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे. हो, कोथिंबीर, आणि ती मूठभर, युरोपात एवढी कोथिंबीर दुसरीकडे कुठे मिळायची नाही. फक्त दोन गोष्टी. वर पाण्यात उकडलेलं अंडं सोडतात, ते स्पष्ट दिसतं, तर "सें ओव्हु" म्हणून काढायला सांगा. आणि पुष्कळ ठिकाणी पाणी माशाचं असतं, बाकल्याव उकडलेलं, म्हणून "सें पैश, सें कार्न" (मासा नको, मांस नको) आधी विचारून घ्या. भाजीच्या सुपातही चोरीसूचा (डुकराच्या सॉसेजचा) तुकडा टाकायची खोड आहे त्यांना.

मिठाई सगळी मठातल्या बायांची, म्हणजे साखर, बदाम आणि अंड्याचे पिवळे बलक, पण अंडं म्हणून दिसत नाही. आईंची अट पूर्ण. आणि बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा, पैसे घेत नाहीत.

विंचवाचं_बिऱ्हाड

ठीके, गुडघा आणि लिफ्टचं मी धरलं नव्हतं, चूक कबूल. मग निदान हाडांचं चॅपेल चुकवू नका. भिंतीभर पाचेक हजार माणसांची हाडं-कवट्या चुन्यात बसवलेल्या, दारावर लिहिलंय की आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट पाहतोय. आईंना विचारून न्या, काहींना मळमळतं. आणि गाडी आहेच तर आल्मेंद्रेशची उभ्या दगडांची वर्तुळं, नव्वदच्या वर दगड, सात हजार वर्षांच्या आसपास जुने, तिकीट नाही, शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता. संध्याकाळी जा.

गंगापूर_रोड

ठरलं! ९ किमीवाल्यांना मेल केला, चार प्रश्न विचारले: खोली तळमजल्यावर आहे का, संध्याकाळी स्वयंपाकघर कुठल्या वारी चालू, फाटक कुठल्या बाजूला, आणि कच्चा रस्ता किती. उत्तर आलं "सगळं छान आहे, या". म्हणजे एकाही प्रश्नाचं नाही. मग गावापासून ३ किमीवर एक होटेल रुराल मिळालं, त्यांनी चारही प्रश्नांची उत्तरं ओळीने दिली, वर फाटकाचा फोटो पाठवला, आणि आईसाठी काय करता येईल हे स्वतःहून विचारलं. तलाव छोटा आहे, ऑलिव्हऐवजी कॉर्कची झाडं आहेत. बुक केलं. दुपारी टॅक्सीने गाव, रात्री तिथेच जेवण.

गंगापूर_रोड

परत आलो मंडळी, धागा अर्धा सोडू नये म्हणून लिहितेय.

पहिल्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी वीतभर लांबीची लोखंडी किल्ली आईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या "शाव". आई म्हणे "चावी?" बाई म्हणाल्या "शाव, शाव". मग आईला खेळच मिळाला, बादली, पाव, पगार, कोबी, काय काय विचारत सुटली, बाई प्रत्येकाला मान डोलावून आपला उच्चार सांगायच्या, बटाट्यावर मात्र दोघींचं एकमत होऊन हशा झाला. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती.

बाबांचा सगळा वेळ कॉर्कच्या झाडांत गेला. खालची साल काढलेली असते, खोड विटकरी लाल उघडं, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा. आम्हाला वाटलं झाडांची मोजणी. तर ते साल काढलेल्या वर्षाचा शेवटचा अंक, नऊ वर्षांनीच परत काढतात. ओसरीसमोरच्या झाडावर ५ होता, म्हणजे याच उन्हाळ्यात. बाबांनी खोडावर पंजा ठेवून हिशोब केला, "पुढची २०३४ ला, मी ८० चा", आणि लगेच बाईंना विचारलं की तेव्हा तळमजल्यावरची हीच खोली मिळेल का. मला भाषांतर करावं लागलं.

जेवणाचं: आसोर्दा आईला आवडली पण तिच्या मते मिरची पाहिजे होती. चौथ्या प्रश्नात माझी फसगत झालीच, कच्चा रस्ता "थोडासा" म्हणजे ८०० मीटर निघाला आणि तो मी पहिल्या गियरमध्ये काढला. क्लच_प्लेट, डावा हात दारावर दोनदा आपटला.

खडीसाखर

फाटक सापडलं ना पण एका झटक्यात?

गंगापूर_रोड

हो, फोटो होता ना. कुत्री मात्र तिथेही दोनच होती.