उतादा हिकारूचं अमेरिकेतलं करिअर खरंच फसलं का?

कोथरूडकर: काल इथे एकाने लिहिलं की 2004 ला जपानी पॉप गायिका उतादाने इंग्रजी अल्बमचा हव्यास धरला आणि स्वतःचं वाटोळं करून घेतलं, गप जपानमध्ये राहायला हवं होतं. वाचून डोकं फिरलं. अहो, ती जन्मलीच न्यूयॉर्कला, 1983 साली. इंग्रजी तिची घरची भाषा! सोळाव्या वर्षी 'फर्स्ट लव्ह' हा अल्बम आला, जपानमध्ये 76 लाखांवर प्रती खपल्या, सर्वाधिक खपाचा तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. तिने अमेरिकन निर्माता टिंबालँडला सोबत घेऊन 'एक्सोडस' हा तो इंग्रजी अल्बम केला, तर त्यात हव्यास कसला?

रात्रपाळी: मीच लिहिलं होतं. बिलबोर्ड 200 वर, म्हणजे अमेरिकेच्या अल्बम चार्टवर, 'एक्सोडस' 160 वा. 2009 चा दुसरा इंग्रजी अल्बम 'धिस इज द वन' 69 वा. घरची भाषा असून ही गत.

कोथरूडकर: 'एक्सोडस'मधलं 'डेव्हिल इनसाइड' हे गाणं अमेरिकेच्या डान्स क्लब चार्टवर पहिलं होतं, ते सोयीने विसरलात.

सैतामाकर: चार्ट कसले बघताय? तिचं तिकडचं यश प्लेस्टेशनमध्ये आहे. 2002 चा 'किंगडम हार्ट्स' हा गेम, त्याचं इंग्रजी गाणं तिचं. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत वाढला, जपानी शून्य. 'सिंपल अँड क्लीन' लागलं की बोलता बोलता थांबतो.

रात्रपाळी: म्हणजे तिच्याच 'हिकारी' या जपानी गाण्याचं भाषांतर करून खपवलं.

सैतामाकर: भाषांतर नाहीये ते! चाल तीच, शब्द पूर्ण वेगळे. दोन्ही ऐकून मग बोला.

ओतेगामी: भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगते. पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा तिचं 'ऑटोमॅटिक' हे गाणं वहीत उतरवायला बसले. पहिलीच ओळ लागेना. 'नानाकाइमे नो बेरु दे', म्हणजे सातव्या घंटीला. ती गाते 'ना', मग 'नाकाइमे नो बे', मग 'रुदे'. मी अर्धा तास शब्दकोशात 'रुदे' शोधत होते! वही दाखवली तर बाई सगळ्यांसमोर ओरडल्या, गाण्यांनी भाषा बिघडते म्हणाल्या.

कोथरूडकर: बाईंचं काय चुकलं? मीही जपानी शिकवतो. मुलं गाण्यातलं अर्धवट वाक्य पेपरात लिहून येतात आणि मार्क जातात.

ओतेगामी: तुमच्यासारख्यांमुळेच मुलं क्लास सोडतात. वीस वर्षं झाली, पुस्तकातला एक धडा आठवत नाही. ही ओळ आठवते.

कोथरूडकर: वैयक्तिक होऊ नका. लक्षात राहते, ठीक आहे. व्याकरण त्याने येत नाही.

सैतामाकर: व्याकरण राहू दे हो. जपानी शब्द मधोमध तोडून अमेरिकन ठेक्यावर बसवला, तेही पंधराव्या वर्षी!

रात्रपाळी: मूळ मुद्द्यावर येणार का कुणी?

ओतेगामी: मुद्दा तोच आहे. 2022 च्या 'बॅड मोड'मध्ये जपानी आणि इंग्रजी एकाच अल्बममध्ये नांदतात. 'एक्सोडस'मध्ये धडपडली नसती तर हे जमलं असतं? आणि वाटोळं काय म्हणता! 2013 ला तिची आई गेली, फुजी केइको, स्वतः एन्काची, म्हणजे जुन्या धाटणीच्या जपानी भावगीतांची, मोठी गायिका. गाणं त्याआधीच थांबवलेलं, ते 2016 ला 'हानाताबा ओ किमी नि' घेऊन परतली. 'तुला फुलांचा गुच्छ', आईसाठी. माझी आई गेल्यावर लोकलमध्ये ते लावलं आणि अर्ध्यावर इयरफोन काढले, डबा भरलेला होता.

रात्रपाळी: 'वाटोळं' हा शब्द मागे घेतो. तेवढाच. 'एक्सोडस' अजूनही माझ्याने पूर्ण ऐकवत नाही.