मदत हवी आहे : न्यूयॉर्कच्या जुन्या को-ऑप इमारतीतील रेडिएटरचा खर्च कोणी करायचा?

सविनय नमस्कार. मॅनहॅटनमधील 1920च्या दशकातल्या एका को-ऑप (सहकारी संस्थेच्या मालकीच्या) इमारतीत आम्ही गेल्या वर्षी घर घेतले. अर्थात कायद्याने घर नव्हे, तर संस्थेचे शेअर आणि त्यांसोबतची प्रोप्रायटरी लीज, म्हणजे त्या शेअरांच्या बळावर घरात राहण्याचा करार. थंडी सुरू झाल्यापासून शयनगृहातील एकनळी वाफेचा रेडिएटर (खोली गरम करणारे उपकरण) पहाटे घणाचे घाव पडावेत तसा ठणठणतो आणि हवेच्या व्हेंटमधून पाणी उडवतो, त्यामुळे खालची लाकडी जमीन काळी पडली आहे. उष्णतेची तक्रार मुळीच नाही. शहराच्या नियमाप्रमाणे थंडीत दिवसा 68 अंश फॅरनहाइट हवे असतात, आम्ही जानेवारीत खिडकी उघडून बसतो.

वाफ थंड होऊन साचलेले पाणी वाफ आली त्याच नळीने परत जावे म्हणून रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित कललेला असावा लागतो. पाणसळ लावून पाहिली तेव्हा उतार उलटा निघाला, म्हणून पायांखाली पाचरी ठोकल्या. आवाज कमी झाला, थांबला नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच असतो.

इमारतीचा सुपर (देखभाल पाहणारा कर्मचारी) भिंतीतल्या उभ्या नळीला दोष देतो, तर व्यवस्थापन कंपनीच्या मते रेडिएटर आमचा, म्हणून खर्चही आमचाच. लीजमध्ये भिंतीआडच्या नळ्या संस्थेच्या असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, रेडिएटरचा मात्र उल्लेखच नाही. अशा प्रसंगी कोणी संस्थेच्या संचालक बोर्डाकडून खर्च मंजूर करून घेतला आहे का? स्वखर्चाने प्लंबर आणून लेखी अहवाल घ्यावा, की त्याआधी बोर्डाची परवानगी आवश्यक ठरते? जमिनीच्या नुकसानीचा दावा स्वतःच्या विम्यावर करावा का, हेही कृपया सांगावे.