शेकोटीजवळ वापरायच्या स्वेटरसाठी लोकर कशी पारखून घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. हाताने विणायच्या स्वेटरसाठी लोकर निवडताना मी अडले आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

माझे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा एक आकडी होतो आणि थंडीने मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या वेळी वडील बागेतच असतात, त्यामुळे त्यांच्या स्वेटरला थंडी, दव, धूर आणि ठिणग्या हे सगळेच सोसावे लागते. सध्याचा स्वेटर ॲक्रिलिकचा आहे. कोपरांवर आणि काखेजवळ त्याने बारीक गोळे धरले आहेत, मनगटाची बॉर्डर सैल पडली आहे आणि जिथे ठिणगी उडाली तिथल्या छिद्राभोवती वितळून कडक झालेली कड तयार झाली आहे. ती कड नखाने खरवडली तरी निघत नाही. अंगावर असताना असे वितळणे धोक्याचे वाटते, म्हणून येत्या हिवाळ्याआधी नवा, पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडा स्वेटर विणायचे ठरवले आहे. छाती 40 इंच आहे.

वडील खांद्यावर घोंगडी वर्षानुवर्षे वापरत आले आहेत, पण दख्खनी मेंढीची ती जाडीभरडी लोकर गळ्याला लागली की टोचते, अशी त्यांची तक्रार असते. आमच्याकडच्या दुकानांत बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचेच मिळतात. ऑनलाइन मात्र तीन पर्याय दिसले: सुपरवॉश, म्हणजे यंत्रात धुता येणारी, मेरिनो (मेरिनो मेंढीची तलम लोकर), निम्मी लोकर व निम्मे ॲक्रिलिक असे मिश्रण, आणि नायलॉन मिसळलेली मेरिनो. तिघांच्याही वेष्टनावर ‘अत्यंत मऊ, उत्तम दर्जा’ असेच लिहिलेले असते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मऊपणा हा दर्जाचा निकष मानावा का? गुंडा हातात आल्यावर तो टिकेल की नाही हे विणण्यापूर्वीच कसे ओळखावे? आई कपडे यंत्रात धुते, तर सुपरवॉश घेणे आवश्यक आहे का? आणि खऱ्या लोकरीला कसर लागू नये म्हणून पावसाळ्यात काय करावे?

प्रतिसाद

ताई, तुम्ही वापर इतका नेमका सांगितला आहे की निवड बरीच सोपी झाली आहे. शेकोटीजवळ वापरायचे असेल तर मिश्रण घेऊच नये, कारण ॲक्रिलिक आणि नायलॉन दोन्ही आचेने वितळतात. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, वितळून अंगाला चिकटत नाही, आणि ठिणगी पडलीच तर तेवढ्या जागी काजळून बहुधा आपोआप विझते. शिवाय ती आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, याचा दवात फार उपयोग होतो.

मऊपणावर भुलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सैल पिळाचा, एकपदरी धागा दुकानात हाताला लोण्यासारखा लागतो, पण त्यातले आखूड तंतू घर्षणाने बाहेर येतात आणि त्यांचेच गोळे होतात. तुमच्या कामासाठी तीन किंवा चार पदरी, घट्ट पिळाची लोकर हवी. धाग्याचे टोक उलगडून पदर मोजावेत, एका पदराचा पीळ सोडून तंतू अलगद ओढून पाहावेत: लांब तंतू ओढताना अडतात, आखूड लगेच सुटून येतात. मग धागा तळहातांत थोडा वेळ चोळावा. तेवढ्यानेच तो पिंजारला तर कोपरांवर टिकणार नाही. लोकर खरी आहे का, याची शंका असल्यास छोटा तुकडा चिमट्यात धरून भांड्यावर जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिकचा कडक मणी उरतो, जसा तुमच्या स्वेटरच्या छिद्राभोवती झाला आहे.

टोचण्याचे कारण तंतूच्या जाडीत असते. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचे टोक त्वचेवर वाकत नाही, बोचते. म्हणून मेरिनो ठीकच आहे, पण 17-18 मायक्रॉनची अतितलम नको. 22-23 मायक्रॉनची, जरा दणकट घ्यावी. आत सुती सदरा असतोच.

सुपरवॉशमध्ये तंतूवरचे खवले रासायनिक प्रक्रियेने निष्प्रभ करतात, त्यामुळे ती यंत्रात आटत नाही. पण तंतू एकमेकांना नीट धरत नाहीत आणि वजनदार स्वेटर धुतल्यावर लांबतो. बागेतला स्वेटर वारंवार धुवायचाच नसतो, धुराचा वास वाऱ्यावर ठेवला तरी पुष्कळसा जातो. म्हणून मी साधी लोकर सुचवेन. ती मात्र गार पाण्यात हाताने, न चोळता धुवावी आणि आडवी पसरून वाळवावी, एवढे आईंना सांगून ठेवावे.

50 ग्रॅमला सुमारे 110 मीटर येणारी लोकर असेल तर अशा मापाला 11-12 गुंडे लागतील. सगळे एकाच रंग-लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले, एक जास्तीचा धरून, एकदमच मागवावेत. वेष्टनावर चार मिलिमीटर, म्हणजे आपली 8 नंबरची सुई, लिहिलेली असली तरी 9 किंवा 10 नंबरच्या, म्हणजे आणखी बारीक, सुईवरही नमुना विणून पाहावा; घट्ट वीण वाराही अडवते आणि गोळेही कमी धरते. नमुना निदान 15 सेंटिमीटरचा करावा, धुऊन वाळवावा आणि मगच टाके मोजावेत.

कसरीच्या अळ्या घामाचे व अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवर आधी जातात. हंगाम संपल्यावर स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावा. नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबू नये. नमुन्याची मापे इथे कळवलीत तर मनगटाच्या बॉर्डरचे टाके ठरवायला मदत करेन.