पुरा कालाव : ‘राणी झाली आणि मग संसारात रमली’ हे वाक्य खटकतं

निशिगंध (धागाकर्ती)

पुरा विल्यानुएवा कालाव (१८८६–१९५४) या मनिला कार्निव्हलच्या, म्हणजे फिलिपिन्समध्ये अमेरिकन राजवटीत भरणाऱ्या मोठ्या जत्रेच्या, पहिल्या फिलिपिनो राणी. त्यांची छोटी चरित्रं एकाच साच्यातली असतात : १९०८ ला मुकुट, १९१० ला संपादक तेओदोरो कालाव यांच्याशी लग्न, पुढे चार मुलांची आदर्श आई. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, पण गोष्ट सुरू होते ती चुकीच्या ठिकाणी.

१९०६ मध्ये, म्हणजे मुकुटाच्या दोन वर्षं आधी, फिलिपिन्समधल्याच इलोइलोत त्यांनी ‘असोसियासिओन फेमिनिस्ता इलोंगा’ ही स्त्रीवादी संघटना उभी केली होती. वय विशीचं. १९०७ मध्ये फिलिपिन्सची पहिली असेंब्ली, म्हणजे निवडून आलेलं कायदेमंडळ, भरली आणि सेबूच्या फिलेमोन सोत्तो यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचं पहिलं विधेयक मांडलं, त्यामागेही या इलोइलोच्या बायकांचा तगादा होता. थोडक्यात, कार्निव्हलला जी राणी मिळाली ती आधीपासूनच कार्यकर्ती होती.

लग्नानंतर त्या ‘घरात गेल्या’ हेही मला मान्य नाही. त्यांचं घर हीच त्यांची कामाची जागा होती. १९१८ मध्ये त्यांनी स्थानिक पाककृतींचं पुस्तक काढलं, तेही स्पॅनिशमध्ये. मनिलाच्या ज्या घरांत पाहुण्यांसाठी युरोपीय पदार्थच शोभतात अशी समजूत होती, त्या घरांची भाषा स्पॅनिश होती. तिथल्या गृहिणीला तिच्याच भाषेत ‘आपलं जेवण छापण्याजोगं आहे’ असं सांगणं ही माझ्या मते राजकीय कृती आहे.

शिंपला

१९०६ चा मुद्दा मान्य. पण त्या भरात तुम्ही मुकुट फारच स्वस्तात काढताय.

कार्निव्हलची राणी तेव्हा कशी निवडली जायची ते बघा. आजच्यासारखं मंचावर चालणं, परीक्षकांचे गुण, शेवटचा प्रश्न असं काही नव्हतं. वर्तमानपत्रात कुपन छापून यायचं, वाचकाने नाव लिहून ते पाठवायचं. ज्याच्या पाठीशी पैसा त्याने जास्त अंक विकत घ्यावेत, जास्त कुपनं भरावीत. पद्धतीतली खोट तिथेच होती : मोजली जायची ती कुपनं, माणसं नव्हे. १९०८ ला आधी निवड झाली होती लेओनार्दा लिमहाप यांची, मनिलाच्या बड्या घराण्यातली मुलगी. त्यांनी नकार दिला आणि मान इलोइलोच्या पुरांकडे आला.

आणि राण्या दोन होत्या! ‘पाश्चिमात्य राणी’ अमेरिकन मार्जरी कोल्टन, ‘पौर्वात्य राणी’ पुरा. जत्रेची कल्पना एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याची. दोन सिंहासनं शेजारी मांडायची आणि राज्यकर्ते नि प्रजा बरोबरीचे आहेत असं चित्र उभं करायचं, हा तिचा हेतू. म्हणून माझ्या लेखी तो मुकुट वसाहतीच्या सरकारने लावलेल्या देखाव्याचा भाग आहे. पण त्याच देखाव्याने इलोइलोच्या एका लेखिकेचं नाव राजधानीत घरोघर पोचवलं. पुढे मताधिकारासाठी आमदारांची दारं ठोठावताना ते नाव कामी आलं नसेल असं म्हणणं धाडसाचं आहे.

मोजपट्टी

दोघांशीही असहमत. ‘राणी’ आणि ‘आई’ या दोन शब्दांत अडकलात की १९३७ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला त्याचा हिशेब निसटतो आणि श्रेय एकाच बाईच्या पदरात पडतं.

आधी घटनाक्रम. मताधिकाराचा कायदा १९३३ च्या डिसेंबरात मंजूर झाला होता. पण १९३५ ची नवी राज्यघटना आली आणि तो निरुपयोगी ठरला. घटना लिहिणारे २०२ प्रतिनिधी, एकही बाई नाही. त्यांनी अट घातली : घटना स्वीकारल्यापासून दोन वर्षांच्या आत स्त्रियांचं सार्वमत घ्यायचं आणि त्यात किमान ३,००,००० स्त्रियांनी ‘हो’ म्हणायला हवं.

ही अट नीट वाचा, खरी मेख तिच्यात आहे. साधं बहुमत पुरेसं नव्हतं, ठरावीक आकडा गाठायचा होता. त्यामुळे जी बाई घरी बसली तिचं मत ‘नाही’सारखंच. विरोधकांना प्रचाराचीही गरज नव्हती, बायकांना कंटाळा आला तरी त्यांचं भागणार होतं. त्यात पात्रता : वय २१ पूर्ण, लिहिता-वाचता येणं, देशात एक वर्ष आणि त्या गावात सहा महिने वास्तव्य. आधी नावनोंदणीला जायचं, मग मतदानाला. दोन फेऱ्या, आणि दोन्ही वेळा मूल सांभाळायला घरी कुणीतरी हवं.

अशा वेळी नुसती भाषणं काय कामाची? घरोघर जाऊन एकेक नाव नोंदवून घ्यावं लागतं. ते काम महिला मंडळांच्या जाळ्याने केलं : पिलार हिदाल्गो लिम, होसेफा यानेस एस्कोदा आणि गावोगावच्या असंख्य बायका. ३० एप्रिल १९३७ चा निकाल : बाजूने ४,४७,७२५, विरोधात ४४,३०७. हव्या असलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीड लाख जास्त! त्याच वर्षाच्या अखेरीस कार्मेन प्लानास मनिलाच्या नगरमंडळावर निवडून आल्या.

पुरा या लढ्यातल्या सर्वांत जुन्या बिनीच्या बायकांपैकी, यात वाद नाही. लढ्याचा इतिहासही त्यांनीच १९५२ मध्ये लिहून ठेवला. पण इतिहास लिहिणारीलाच सगळं श्रेय देऊन मोकळं व्हायचं, ही सवय वाईट.

ओहोटी

मला खटकतो तो ‘आदर्श आई’ हा भाग. मुलगी मारिया १९३१ ची ‘मिस फिलिपिन्स’, १९६१ पासून सिनेटर. सून एवा एस्त्रादा कालाव १९६५ पासून सिनेटर. दुसरी मुलगी पुरिता, १९४८ मध्ये ‘आर्ट असोसिएशन ऑफ द फिलिपिन्स’ची संस्थापक. वडील मंत्री आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख. याला संस्कार म्हणा, पण घराणेशाहीही म्हणा. शेतमजुराच्या बायकोने मुलांवर तेवढीच माया केली तरी तिची लेक सिनेटमध्ये पोचत नाही.

निशिगंध

ओहोटी, वर्गाचा मुद्दा बिनशर्त मान्य. कुपनवाली निवडणूक काय, स्पॅनिश पुस्तक काय, दोन्ही सुखवस्तू घरांपुरतीच होती. पण त्याच वर्गातल्या कितीतरी मुली राण्या झाल्या नि पुढे कुठे दिसल्या नाहीत. मारिया मुकुटानंतर मिशिगन विद्यापीठात शिकायला गेली. मुकुटापाशी थांबायचं नाही हे त्या घरात ठरलेलं होतं, आणि मला ते आईचं काम वाटतं.

मोजपट्टी, श्रेय वाटून द्यायला माझी ना नाही. पण तुमच्या हिशेबात एक रकाना राहिलाय. ऑक्टोबर १९०८ मध्ये तेओदोरो कालाव संपादक असलेल्या ‘एल रेनासिमिएन्तो’ या वर्तमानपत्रात ‘आवेस दे रापिन्या’ (शिकारी पक्षी) हा अग्रलेख आला, त्यावर अमेरिकन अधिकारी डीन वूस्टर यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. तेओदोरोंच्या तुरुंगवासाचा प्रश्न १९१४ मध्ये गव्हर्नर-जनरल हॅरिसन यांनी माफी देईपर्यंत मिटला नाही. म्हणजे पुरांनी १९१० ला लग्न केलं ते डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार असलेल्या माणसाशी, आणि पहिली चार वर्षं त्याच धास्तीत संसार केला. याला ‘रमली’ म्हणायचं?

मोजपट्टी

‘रमली’ काढून टाका, माझी हरकत नाही. मात्र त्या जागी ‘एकहाती’ घालू नका. १९०५ मध्येच मनिलात कोन्सेप्सिओन फेलिक्स यांनी स्त्रियांची संघटना उभी केली होती. इलोइलोची नंतरची.