आजीच्या तारणाची तारीख कोण विचारतंय?

भिंगारची नात:
मंगळवारी 'जिवंत झरा' यांनी इथे लिहिलं होतं, की ज्याला आपल्या नव्या जन्माची, म्हणजे मन पालटून प्रभूकडे वळल्याची, तारीख सांगता येत नाही त्याचा नवा जन्म झालेलाच नाही, तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिल्याने कुणाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही, आणि नगरच्या जुन्या मंडळ्या, म्हणजे चर्च, अशा नावापुरत्या ख्रिस्ती लोकांनी भरल्या आहेत. तीन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

माझी आजी मार्चमध्ये गेली. मातीहून परत निघालो, हात धुवायचे होते अजून, तेवढ्यात कबरस्तानच्या फाटकापाशी नात्यातल्याच एका मुलाने मला विचारलं, "ताई, आजीचं तारण झालं होतं का गं?" त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून जास्तच लागलं. या बाईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून घरी आणायची आणि त्यातली मूठभर रोज शेजारच्या बाळंतिणीला द्यायची. तिच्या उपासना संगीताच्या पुस्तकाला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा शिवलेला होता, पानांचे खालचे कोपरे अंगठ्याने काळे झालेले. तिला वाचता येत नव्हतं. कुठलं गाणं कुठे आहे ते ती डागांवरून ओळखायची. तारीख तिला सांगता आली नसती, कारण आपण प्रभूच्या नव्हतो असा दिवसच तिला आठवत नव्हता.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला सगळे देतात. नव्याने जन्मल्यावाचून देवाचं राज्य दिसत नाही, कबूल. पण त्याच बोलण्यात पुढे प्रभू येशू वाऱ्याचं सांगतो. तो कुठून येतो, कुठे जातो कळत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो, आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच असतं. मग तारीख कसली मागता? आणि रात्री येशूकडे आलेल्या ज्या यहुदी पुढाऱ्याशी हे बोलणं झालं त्या निकदेमाचं काय? त्या रात्री तो 'झालं माझं तारण' म्हणत उठला असं कुठेही लिहिलेलं नाही. सातव्या अध्यायात तो परूश्यांसमोर, म्हणजे आपल्याच कर्मठ पंथाच्या लोकांसमोर, जेमतेम एक प्रश्न विचारतो. एकोणिसाव्या अध्यायात शंभर रत्तल गंधरस आणि अगरू घेऊन प्रभूचं शरीर पुरायला येतो, तेही शिष्य पळालेले असताना. मधल्या कुठल्या दिवशी जन्मला तो? पौल दिमिष्काच्या वाटेवर एकाएकी पालटला, पण त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. पौलानेच तसं लिहून ठेवलंय. त्याने तीमथ्याकडे तारीख मागितली नाही.

जिवंत झरा:
ताई, तुमच्या आजीबद्दल मी एक शब्दही लिहिला नव्हता. त्यांना मी ओळखतही नाही. मी लिहिलं ते माझ्या वडिलांवरून.

माझे वडील तान्हे असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला, लग्न देवळात झालं, वर्गणी भरलेली, रजिस्टरात नाव. आणि रोज रात्री दारू. आईच्या डाव्या कानाला आजही नीट ऐकू येत नाही, त्याचं कारण ते रजिस्टर सांगणार नाही. पाळकसाहेब नाताळला घरी यायचे, केक खायचे, प्रार्थना करून जायचे. पस्तीस वर्षांत एकदाही कुणी त्यांना विचारलं नाही, की बाबा रे, तुझा जन्म झालाय का? ९ ऑगस्ट २००९. जालन्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये उपास-प्रार्थना होती. आईने ओढून नेलं होतं. ते गुडघ्यावर आले आणि लहान मुलासारखे रडले. त्या रात्रीपासून थेंब नाही. मला तारीख पाठ आहे, कारण त्या दिवशी मला बाप मिळाला.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. जॉन वेस्ली दीक्षित पाळक होता, मिशनरी म्हणून जॉर्जियाला जाऊन आला होता. तरी त्याच्या अंतःकरणाला ऊब लागली ती लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत, २४ मे १७३८ रोजी, रात्री पावणेनऊच्या सुमारास. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं लागली. रमाबाईंना हे म्हणायचा अधिकार आहे आणि मला नाही?

पापडीचा:
आम्ही वसईचे कॅथलिक. माझा एकच प्रश्न आहे. तुमची खरी जन्मतारीख तुम्हाला कुणी सांगितली? आईने. तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला काही कळत होतं का? म्हणून काय तुम्ही जन्मला नव्हता? बाळाला आधी आपलंसं करायचं, समज मागून येते. म्हणून तर पुढे दृढीकरणाचा, म्हणजे विश्वास पक्का करण्याचा, विधी असतो, म्हणून तर दरवर्षी ईस्टरच्या जागरणाला हातात मेणबत्त्या धरून आम्ही बाप्तिस्म्याची वचनं नव्याने घेतो.

माझ्या भाच्याला तुमच्यासारख्याच एका गटाने तलावावर नेऊन, पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. परत येऊन तो आईला म्हणाला, तू दिलेला बाप्तिस्मा खोटा होता. त्याचं बाप्तिस्म्याचं पांढरं झबलं माझ्या बहिणीने २६ वर्षं कपाटात जपून ठेवलं होतं. ते काढून ती रात्रभर मांडीवर घेऊन बसली होती. हे कसलं तारण, जे आईला खोटं पाडून सुरू होतं?

जिवंत झरा:
झबल्याने तारण होत नाही दादा. झोपलेल्या बाळाने कसला पश्चात्ताप केला? आणि तुमच्याकडे कृपेपेक्षा कर्मं मोजतात, ते आधी बघा.

पापडीचा:
हे कुठल्या जमान्यात बोलताय? ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि प्रॉटेस्टंटांपैकी ल्युथरन महासंघाने एकत्र सही केलीय, की माणूस देवाला मान्य होतो तो कृपेनेच, स्वतःच्या पुण्याईवर नाही. भांडण जिथे पेटलं तिथल्या लोकांनी मिटवलं आणि तुम्ही जालन्यात बसून चालू ठेवलंय.

मिलिंदनगर:
मी बौद्ध आहे. आमचे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, चुलत घराणं ख्रिस्ती झालं, त्यामुळे हे सगळं घरातलंच आहे. पाणी शिंपडलं की बुडवलं यावर तुम्ही इतकं भांडताय, पण मला एवढंच सांगा, नवा जन्म झाला तर जुन्या जन्माचं मेलं काय?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत 'माझा नवा जन्म होत आहे' अशीही एक आहे. आम्हाला तारीख आहे, लाखो लोकांना एकच. त्या दिवशी आजोबांनी घरातले देव बाहेर काढले, आणि मेलेली गुरं ओढायचं त्यांनी त्याआधीच सोडलं होतं. काय मेलं ते बोटाने दाखवता यायचं. माझ्या ख्रिस्ती चुलत बहिणीसाठी स्थळं बघत होते तेव्हा मी स्वतः बैठकीत होतो. मुलगा तारण पावलेला, रविवारी सभेत त्याची साक्ष देणारा. त्याच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "तुम्ही मूळचे कुठल्या वाड्यातले?"

पापडीचा:
आमच्याकडे जात नाही. हे घाटावरचं असेल.

मिलिंदनगर:
सामवेदी ख्रिस्ती घरात कोळी ख्रिस्ती सून तुमच्या आजोबांच्या काळात चालली असती का? वेदीसमोर शेजारी गुडघे टेकणारी माणसं सोयरीक करताना आपापल्या समाजाकडेच वळत होती ना?

पापडीचा:
आजोबांच्या काळात नाही चालली. आता चालते, माझ्या गल्लीत दोन आहेत. पण हो, आजोबांच्या काळात नाही. एवढं तुमचं खरं.

जिवंत झरा:
आमच्या सहभागितेत, म्हणजे आमच्या प्रार्थना-गटात, आडनावसुद्धा विचारत नाहीत. आणि जातीचं ओझं आम्हीच का वाहायचं? १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना ठेवली. पुढे १९५६ ला शिखांना दिली, १९९० ला तुम्हा बौद्धांना दिली. आम्हाला अजून नाही. नोकरीच्या अर्जापुरती आमची जात मेली आणि गावच्या पाणवठ्यावर जिवंत राहिली. माझ्या भावाने जातीच्या दाखल्यासाठी बायबल लपवून कागदावर हिंदू लिहिलं आणि दर रविवारी मान खाली घालून बसायचा. त्याच्या तारणाचं काय, यावर मी दहा वर्षं प्रार्थना केलीय.

मिलिंदनगर:
त्या आदेशाबाबत मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे मी तुमच्या सभेत येऊनही सांगेन. पण सरकारने काय केलं हा वेगळा प्रश्न. तुमच्या सहभागितेत आडनाव विचारत नाहीत. सोयरीक जुळवताना विचारतात की नाही?

जिवंत झरा:
सगळेच काही एका दिवसात बदलत नाहीत.

भिंगारची नात:
हेच मी पहिल्यापासून सांगतेय! एका दिवसात बदलत नाहीत. मग तारखेचा आग्रह कशाला?

नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले, तरी १० फेब्रुवारी १८९५ च्या बाप्तिस्म्यापर्यंत मनात किती उलथापालथ झाली! आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळं वेगळं, पाणी वेगळं. त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलंय ते बघा. जात मनातून आधी गेली, बाप्तिस्मा मागून आला. मिलिंदनगर यांच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. आणि माझ्या आजीने तर आयुष्यभर कुणाला दारातून उपाशी पाठवलं नाही.

जिवंत झरा:
टिळक चित्पावन होते ताई. सोडायला त्यांच्याकडे काहीतरी मोठं होतं, म्हणून त्यांच्या कथा छापल्या गेल्या. खडी फोडणाऱ्यांच्या साक्षी कुणी छापल्या?

भिंगारची नात:
म्हणूनच तर मी आजीची लिहिली.

धाकटी आत्या:
तू आजीची अर्धीच लिहिलीस बाळा. मी इथे लिहीत नाही कधी, पण आता लिहिते.

मिलिंदनगर म्हणतात तो वाड्याचा प्रश्न आमच्याही घरात विचारला गेला होता. १९७९ साली. विचारणारी माझी आईच होती, तुझी आजी. आमचं घर मूळचं महारवाड्यातलं, मुलगा मांगवाड्यातल्या ख्रिस्ती घरातला, शिक्षक, शब्बाथ शाळेत शिकवायचा. आई म्हणाली, प्रभूच्या घरी सगळे एक, पण पोरगी तिकडे द्यायची नाही. आम्ही दुसऱ्या तालुक्यात जाऊन लग्न केलं. लग्नाला माझ्याकडचं कुणी नव्हतं. दारातून कुणाला उपाशी पाठवलं नाही म्हणतेस ते खरं आहे. पण माझ्या दारात ती आलीच नाही, आणि तुझ्या काकांच्या, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या, घरचं पाणी पंचवीस वर्षं प्यायली नाही. दोन बाळंतपणं मी सासूच्या हातची काढली.

भिंगारची नात:
आत्या, मला हे माहीत नव्हतं. लग्न घरच्यांना न विचारता केलंस, एवढंच बाबांनी सांगितलं होतं.

मी 'आयुष्यभर' लिहिलं ते चुकीचं होतं. ते मागे घेते.

पापडीचा:
आत्याबाई, माफ करा, पण मग त्या गेल्या तोवर तुमचं बोलणं होतं का?

धाकटी आत्या:
होतं. २००४ च्या नाताळचा दुसरा दिवस. तारीख लक्षात आहे, कारण टीव्हीवर त्सुनामीच्या बातम्या चालू होत्या आणि आम्ही सगळे तिकडे डोळे लावून बसलो होतो. दार वाजलं. आई उभी, एकटी, एसटीने आलेली. हातात करंज्यांचा डबा. आत आली, खुर्चीत नाही, खाली बसली. माझ्या मिस्टरांना म्हणाली, "जावईबापू, पाणी द्या." माझ्याकडे नाही मागितलं, त्यांच्याकडे मागितलं. त्यांनी माठातून तांब्या भरून दिला. तिने पेला घेतला नाही, तांब्यालाच तोंड लावून सगळा संपवला. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझं चुकलं." बस, एवढंच. मग करंज्या वाटल्या.

जिवंत झरा:
म्हणजे तारीख होतीच की. २६ डिसेंबर २००४. त्या दिवशी तुमच्या आईचा नवा जन्म झाला, आत्या. मी हेच म्हणत होतो.

भिंगारची नात:
नाही. त्याआधीची सुकडी कुणाची होती मग? त्याआधीची गाणी कोण म्हणत होतं? पाऊणशे वर्षांची ती बाई मेलेली होती असं मी म्हणणार नाही. पण हे मानते, की तिच्यातलं एक काहीतरी त्या दिवसापर्यंत मेलं नव्हतं. आणि ते मेल्याशिवाय चालणार नव्हतं, हे तुमचं म्हणणं मला आज पहिल्यांदा कळलं.

मिलिंदनगर:
आत्याबाई, तुमच्या मिस्टरांना काय वाटलं त्या दिवशी?

धाकटी आत्या:
ते काही बोलले नाहीत. ती गेल्यावर तो तांब्या घासायला मी उचलला, तर म्हणाले, राहू दे. दोन दिवस तसाच ओट्यावर होता.

जिवंत झरा नव्या जन्माचं म्हणाले म्हणून सांगते. त्या दिवशी आईचं काय झालं ते प्रभूला माहीत. मला आई परत मिळाली, पण पंचवीस वर्षं नाही मिळाली. माझी थोरली तिच्या मांडीवर कधीच बसली नाही. जन्म झाला म्हणून हिशेब पुसला जातो असं तुमच्या साक्षींमध्ये सांगतात, ते मला अजून पटलेलं नाही. तुमच्या आईला त्या कानाने आता ऐकू येतं का?

जिवंत झरा:
नाही येत.

वडील रोज रात्री तिच्या उजव्या बाजूला बसून तिला वचन वाचून दाखवतात.