एक गट हाताशी धरला की झालं?

वर एकांनी लिहिलंय की शेजारी देश पंथापंथात फुटलेला असला की त्यातला एक गट हाताशी धरायचा, बाकी आपोआप जमतं. अहो, लेबनॉनमध्ये इस्रायलने नेमकं हेच केलं होतं! तिथे १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया, आणि हे वाटप कशावर तर १९३२ च्या जनगणनेवर, त्यानंतर अधिकृत जनगणना झालेलीच नाही कारण खरे आकडे बाहेर आले तर सगळंच उसवेल ना. १९८२ मध्ये इस्रायल आत घुसलं, ऑगस्टमध्ये त्यांचा दोस्त, मॅरोनाइट ख्रिश्चन गटाचा नेता बशीर जमायेल राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडूनही आला आणि पदभार घ्यायच्या आधीच सप्टेंबरमध्ये बॉम्बस्फोटात गेला. म्हणजे अख्खी पॉलिसी एका माणसाच्या जिवावर. त्यात दक्षिणेतले शिया, जे पॅलेस्टिनी बंदूकवाल्यांना इतके वैतागले होते की सुरुवातीला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इस्रायली सैन्य आलं ते बरंच वाटलं, त्यांच्यातूनच पुढे इस्रायलविरुद्ध लढणारी हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना उभी राहिली. सैन्य दक्षिणेतून बाहेर पडायला मे २००० उजाडलं.

सीरियाचं तर अजून भारी, १९७६ मध्ये आले ते ख्रिश्चनांची बाजू सावरायला (हो, खरंच), मग सोयीप्रमाणे दोस्त बदलत २९ वर्षं तिथेच मुक्काम, शेवटी लेबनॉनचे माजी पंतप्रधान हरीरी यांच्या हत्येनंतर २००५ मध्ये गाशा गुंडाळावा लागला.

तेव्हा 'गट धरा' म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगा, तो गट हरला किंवा उलटला तर प्लॅन बी काय?